अनुरूपतेचा हिशेब

(दीपनगर येथे झालेल्या भाषणाचा सारांश)

दीपनगरची ही वसाहत औष्णिक वीजकेंद्रामुळे उभी राहिली. येथे क्वार्टर हुद्द्यानुसार मिळते. शेजारी कोणत्या जातीचा असावा, हे कोणी निवडत नाही. पाळीवर तर नाहीच. परंतु घरात मुलगी उपवर झाली, की समाजाच्या परिचय-मेळाव्याची सूची हाती येते, आणि आता तिच्या जोडीला मोबाईलवरील विवाहसंस्था.

या संस्था ‘अनुरूप’ जोडीदार गणिताने शोधून देऊ म्हणतात. आपल्याकडे हे नवे नाही. छत्तीस गुणांचे कोष्टक गणितच होते, आणि त्यात वर्णालाही एक गुण होता! आता स्वभावाची प्रश्नावली आली खरी. पण स्वभावापर्यंत पाळी येण्याआधीच जातीची चाळणी लागते. भारत मॅट्रिमोनीच्या कंपनीने तर जातवार स्वतंत्र संकेतस्थळे काढली. शादी डॉट कॉमने कातडीच्या रंगाची चाळणी तक्रारींनंतर २०२० मध्ये हटवली, जातीची राहिली. गिऱ्हाईक मागते तेच दुकानदार मांडतो.

शिक्षण आणि पगार वाढले की जात आपोआप गळून पडेल, ही आशा पुरोगाम्यांनीही पुष्कळ काळ बाळगली. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका बंगाली वृत्तपत्रातील विवाहविषयक जाहिरातींचा अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जातीबाहेरचा वर टाळण्यासाठी वधूपक्ष पदव्युत्तर वराऐवजी अशिक्षित वरही पत्करील, इतका आग्रह त्यांना दिसला. त्याहून महत्त्वाचे असे, की या आग्रहाची किंमत प्रत्यक्षात फारशी मोजावीच लागत नाही. प्रत्येक जातीत शिकलेली, कमावती स्थळे पुरेशी असतात. म्हणून आर्थिक प्रगती त्याला धक्का लावीत नाही. संगणकाने तर ही किंमत आणखी उतरवली. पूर्वी पंचक्रोशीत जातीचा शिकलेला मुलगा न मिळाल्यास आईबापांना निदान विचार तरी करावा लागे. आता भुसावळच्या मुलीला पोटजातीतला अभियंता थेट सिंगापूरहून दिसतो.

आंतरजातीय विवाह हाच जातिनिर्मूलनाचा खरा उपाय, असे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये लिहिले. २०११-१२ च्या मानव विकास सर्वेक्षणात असे विवाह शेकडा पाचांच्या आसपासच आढळले. त्यातही १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा आधार घेणाऱ्या जोडप्याची नोटीस तीस दिवस कचेरीत लावली जाते. घरच्यांना तेवढा अवधी पुरतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ही प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोडली. महाराष्ट्रातही तसे व्हावे, ही मागणी येथील कामगार संघटनांनी केली पाहिजे. प्रश्न त्यांच्या सभासदांच्याच मुलामुलींचा आहे.