बांबूवर पहिला हात बुरडाचा

पहाटेची एसटी धरून आलेले ग्रामसभांचे प्रतिनिधी आणि माझ्या बुरूड बंधू-भगिनींनो,

झाडीपट्टीत, आपल्या गडचिरोलीत, आज आपण जमलो आहोत. या मंडपाच्या ताट्या इथल्याच हातांनी विणल्या आहेत.

लहानपणी आमच्या शेजारी एक बुरूड आजी राहायच्या. दारात बांबू येऊन पडला की त्या आधी त्यावरून अंगठा फिरवायच्या. पांढरी भुकटी लागली तर तो यंदाचाच. तो बाजूला. ‘कोवळा आहे रे, किडा लागेल याला.’ फार जून असेल तर त्याची कामटी वळताना तडकते. मधल्या वयाचा हिरवा बांबू निघाला की सुरी सर्रकन पेऱ्यातून खाली जायची आणि संध्याकाळपर्यंत सूप उभं राहायचं. बेटातले नवे कोंब राखायचे, तयार झालेलाच बांबू काढायचा, हा वनव्यवस्थापनाचा नियम त्या अंगठ्याला ठाऊक होता.

सरसकट तोडणाऱ्या ठेकेदाराला तो नियम ठाऊक नसतो. म्हणूनच बांबूचा हक्क मिळवणाऱ्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाचं मोल मोठं. 2006च्या वनहक्क कायद्याने बांबू गौण वनोपज ठरला. सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मेंढ्याला 2009 साली मिळाला. पण बांबू गावाबाहेर न्यायचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला 27 एप्रिल 2011 उजाडावा लागला. कायदा कागदावर होताच, गावाने तो चिकाटीने जंगलापर्यंत नेला.

मात्र एक गोष्ट मनाला लागते, ती आज बोलतो. हक्क ग्रामसभांना मिळाले, हे न्यायाचंच झालं. पण कितीतरी बुरूड कुटुंबं मोठ्या गावांत, शहरांत राहतात. ती कोणत्याच जंगलाच्या ग्रामसभेत बसत नाहीत. बांबूचा लिलाव होतो, ट्रक भरून जातो आणि सूप विणणारी बाई दोन हिरव्या बांबूंसाठी वणवण करते. ग्रामसभांना माझी हात जोडून विनंती आहे: लिलावाआधी बुरडांचा वाटा वेगळा काढा, रास्त दराने द्या आणि तोडीच्या वेळी त्यांना सोबत न्या. बेट कसं राखायचं, हे तेही सांगतील.

मंडपाच्या डाव्या अंगाला हिरवे बांबू ठेवले आहेत, सुऱ्याही आहेत. चहा झाला की सगळे तिथेच बसूया.