थव्याला म्होरक्या नसतो



आमच्या सोलापूरकडं शाळू हुरड्यात आला की राखणीला माळ्यावर बसावं लागायचं. हातात गोफण, पायाशी ढेकळं. भोरड्या कणसांवर उतरल्या की दिसायच्या कमी, नुसता कलकलाट ऐकू यायचा. गोफण कडाडली की हजारभर पाखरं एकदम उठायची, बांधापर्यंत जायची आणि ओला पदर झटकावा तशी वळायची. एक पाखरू दुसऱ्यावर आपटलेलं मी पाहिलं नाही. ‘यांना वळा म्हणून सांगतं कोण?’ मी आजोबांना विचारलं. ‘असंल एखादा म्होरक्या,’ ते म्हणाले.

भोरडी म्हणजे पळसमैना. हिवाळा काढायला ती आपल्याकडं येते. तिची युरोपातली चुलत बहीण थंडीत रोमच्या तेर्मिनी रेल्वे स्थानकाजवळ झाडांवर मुक्कामाला असते. तिथल्या भौतिकशास्त्रज्ञांनी जवळच्या संग्रहालयाच्या गच्चीवर कॅमेरे लावले, एकाच क्षणी वेगवेगळ्या कोनांतून फोटो घेतले आणि थव्यातल्या पाखरापाखराची जागा मोजून काढली. पुढं २०२१ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले जॉर्जो पारिसी याच गटात होते.

२००८ साली या गटाचा निष्कर्ष छापून आला. प्रत्येक पाखरू लक्ष ठेवतं ते जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांवर. ते वळले की हे वळतं. सगळ्या थव्याला हुकूम सोडणारं कुणीच नसतं.

मला यातली खरी गंमत वाटते ती अशी, की पाखरू अंतर धरत नाही, शेजारी धरतं. समजा, त्यानं ‘दोन हातांच्या आतले तेवढे आपले’ असा हिशेब ठेवला असता. मग ससाणा झेपावल्यावर थवा फाकला, की दोन हातांत कुणी उरलंच नसतं, आणि एकट्या पाखराला ससाणा सहज उचलतो. सहा-सातांशी नातं असलं की ते शेजारी हातभर अंतरावर असोत की दहा हातांवर, धागा तुटत नाही. फाकलेला थवा पुन्हा गोळा होतो. वळणही असंच शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडं जातं, आणि इतक्या झपाट्यानं, की चारेकशे पाखरांचा थवा साधारण अर्ध्या सेकंदात वळून मोकळा होतो. खालून बघणाऱ्याला सगळी एकदमच वळल्यासारखी वाटतात.

परवा गावी गेलो होतो. दिवस मावळताना ओढ्याकाठच्या बाभळींवर भोरड्या उतरत होत्या. मी एकच पाखरू नजरेत धरून बसलो. दोन वळणांतच ते हरवलं. तिसऱ्यांदा धरलं, तेव्हा ते थव्याच्या कडेला होतं आणि त्याची मान आतल्या बाजूला वळलेली होती.