रानकुत्र्यांचा संसार

जगातील रानकुत्र्यांविषयी मी बोलावे असे नभोवाणी केंद्राकडून सुचवण्यात आले, तेव्हा आफ्रिका आणि ऑस्ट्रेलिया या दोन्ही खंडांना यथायोग्य न्याय द्यावा असा माझा संकल्प होता. परंतु ताडोबा, नागझिरा आणि मेळघाट येथील अरण्यांतून हिंडणारा, तांबूस अंगाचा आणि काळ्या झुपकेदार शेपटीचा आपला रानकुत्रा, ज्याला कित्येक भागांत कोळसुंदा म्हणतात, तो मला इतका प्रिय आहे की प्रारंभ त्याच्यापासूनच करतो.

गावातला कुत्रा रानात जाऊन माजला की त्याचाच रानकुत्रा होतो, असा समज अद्याप आढळतो. तो कृपा करून सोडून द्यावा. याचे कूळच निराळे आहे. खालच्या जबड्यातील शेवटची दाढ याला मुळात नसते, आणि भुंकण्यापेक्षा शीळ घालणे हीच याची रीत; दाट झाडीत कळप पांगला म्हणजे त्या शिळेच्या आधाराने सगळे पुन्हा एकत्र येतात.

जेमतेम पंधरा-सतरा किलो वजनाचा हा प्राणी कळपाने सांबरालादेखील लोळवतो. वाघासारखा गळा आवळून धरण्याचे बळ त्याच्या जबड्यात नसल्यामुळे तो धावत्या भक्ष्याचे मागून लचके तोडतो, आणि पाहणाऱ्याला ते दृश्य असह्य वाटते, हे मला मान्य आहे. पण तेवढ्यावरून त्याला क्रूर ठरवून, रानातील शिकार संपवणारा गुन्हेगार म्हणून, इंग्रजी अमदानीत सरकारी खजिन्यातून त्याच्या मुंडक्यावर इनामे देण्यात आली, आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा होईपर्यंत ही चाल पुरती थांबली नाही, याला न्याय म्हणता येणार नाही. चितळ आणि रानकुत्रे सहस्रावधी वर्षे एकाच रानात नांदत आले आहेत. चितळ संपले नाहीत.

ज्याला क्रूर म्हटले, त्याचा संसार पाहा. डॉ. ए. जे. टी. जॉनसिंग यांनी १९७० च्या दशकात बंदीपूरच्या जंगलात या प्राण्याचा बारकाईने अभ्यास केला. कळपात बहुधा एकच मादी विते. पिल्ले मात्र साऱ्या कळपाची. सकाळी मंडळी शिकारीला निघाली, तरी एखाददुसरा राखणदार बिळाशी थांबतो, आणि परत आलेले कुत्रे पोटातील मांस ओकून पिल्लांना, त्यांच्या आईला आणि त्या राखणदारालाही भरवतात. पिल्ले शिकारीपर्यंत चालत जाऊ लागली की पहिला घास त्यांचा, आणि शिकार ज्यांनी केली ते थोरले बाजूला उभे राहून वाट पाहतात. मी पुन्हा सांगतो, शिकार करणारे वाट पाहतात आणि पिल्ले आधी जेवतात! लग्नाच्या पंगतीत मुलांची पंगत आधी बसवणाऱ्या आपल्या लोकांना याचे मोल निराळे सांगावयास नको. आणि तरीही जंगलात गेलेली आपली सुशिक्षित मंडळी, रस्त्यात असा कळप खेळत असता, वाघ दिसत नाही म्हणून चालकाला गाडी पुढे घेण्यास फर्मावतात, याचा मला मनापासून विषाद वाटतो. क्षणभर थांबावे, इंजिन बंद करावे, आणि पाहावे.

आफ्रिकेतील ठिपकेदार रानकुत्रेही पिल्लांना असेच आधी जेवू घालतात, आणि जखमी वा वृद्ध सोबत्यालाही अन्न पोहोचवतात. बोट्स्वानात अभ्यासकांना असे आढळले की शिकारीला निघावयाचे की नाही, याचा निर्णय हे प्राणी शिंकांनी करतात. कळपाच्या प्रमुखाने पुढाकार घेतला असेल तर तीनएक शिंका पुरतात, खालच्या दर्जाच्या कुत्र्याने घेतला तर मात्र दहाएक लागतात. याविषयी पुष्कळ सांगता आले असते. पण वेळ संपत आल्याचा समोरचा तांबडा दिवा लुकलुकू लागला आहे.

ऑस्ट्रेलियाचा डिंगो राहिला. मेंढरांना त्याच्यापासून वाचवण्यासाठी त्या देशाने पाच हजार किलोमीटरांहून लांब कुंपण घातले आहे, आणि ते आजही उभे आहे.