पाणचक्कीचं पीठ कुणासाठी होतं?



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. इतिहासाचा अभ्यासक नाही. म्हणून औरंगाबादची पाणचक्की मी आधी एक यंत्र म्हणूनच पाहिली.

शहराबाहेरच्या डोंगराकडचं झऱ्याचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून काही किलोमीटर वाहत इथं आणलं. वीज नाही, पंप नाही. फक्त उतार आणि दाब. त्या दाबानं पाणी उंच भिंतीत चढतं आणि वरून कोसळतं. त्या झोतावर चाक फिरतं, आणि चाकाच्या दांड्याबरोबर जात्याची वरची तळी. 17व्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं या शहराला नहर दिली. ही नहर त्याच परंपरेतली.

पण पीठ कुणासाठी होतं? इथं बाबा शाह मुसाफिर यांचा दर्गा आहे. बुखाराजवळच्या गिजदुवानहून दख्खनमध्ये आलेले ते नक्शबंदी सूफी. त्यांच्या खानकाहमध्ये फकीर यायचे, वाटसरू यायचे. त्यांच्या रोजच्या भाकरीचं धान्य इथं दळलं जायचं. म्हणजे अमीर-उमरावांनी पैसा दिला, कारागिरांनी अक्कल लावली आणि पोट भरलं ते ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याचं. वक्फ म्हणजे हेच.

आज आपण तिथं तिकीट काढून जातो, फोटो काढतो, ‘आपला वारसा’ म्हणतो. महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाचं मुख्यालयही त्याच आवारात आहे. वक्फवर सध्या देशभर वाद आहे: मालकी कुणाची, मंडळावर कोण? हे प्रश्न खरे आहेत, त्यासाठी लढायलाच हवं. पण पाणचक्की आपल्यालाही एक प्रश्न विचारते: आपल्या वक्फच्या जमिनींचं, दुकानांचं उत्पन्न आज कुणाच्या ताटात पडतं? विधवेच्या? शिकणाऱ्या मुलीच्या? की भाडं नाममात्र आणि हिशेब गुलदस्त्यात?

माझ्या कामात एक गोष्ट रोज दिसते. नवीन काही बांधलं की टाळ्या मिळतात, चालू ठेवणाऱ्याला कुणी विचारत नाही. ही चक्कीसुद्धा चालली ती नळ साफ करणाऱ्या, फुटलेला जोड बुजवणाऱ्या हातांमुळे.

म्हणून एकच विनंती. आपापल्या गावातली एक वक्फ मिळकत निवडा. ती कशासाठी दिली होती ते कागदात शोधा. आज तिचं काय होतं ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. मुलींनो, तुम्हीही करा. अर्जाला नाव, पत्ता, सही आणि थोडंसं शुल्क लागतं.