नकाशावरची शाळा



स्थलनिर्देशक नकाशावरची चिन्हे आपण शाळेत पाठ केली: देऊळ, विहीर, लोहमार्ग, पोस्ट. ती विद्या मला कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात आजही उपयोगी पडते. त्याविषयी चार शब्द सांगतो.

तिथल्या प्रेअरीचा, म्हणजे सपाट गवताळ प्रदेशाचा, १:५०,००० प्रमाणाचा नकाशा पाहिला तर समोच्च रेषा विरळ दिसतात. रस्ते मात्र पट्टीने आखल्यासारखे सरळ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारी मोजणीदारांनी सहा मैल लांब-रुंद चौकोन पाडले आणि प्रत्येकाचे चौरस मैलाचे ३६ तुकडे केले. त्यांतले ११ आणि २९ क्रमांकाचे तुकडे शाळांच्या खर्चासाठी राखून ठेवले. गाव वसण्याआधीच शाळेची तरतूद झाली!

पण ती जमीन कोरी नव्हती. १८६९ मध्ये रेड नदीकाठच्या मेटी लोकांनी मोजणीदारांना अडवले. त्यांची शेते नदीला लागून लांबट पट्ट्यांची होती. ती चौकोनात बसणार कशी?

पुढे रेल्वे आली. शेतकऱ्याला घोडागाडीतून गहू घालून दिवसात परतता यावे, म्हणून साधारण आठ-दहा मैलांवर स्टेशन आणि शेजारी लाकडी धान्यकोठार. सहा-सात मजली उंच, अंगावर गावाचे नाव. सपाट मुलखात तीच लांबून दिसणारी खूण. १९३०च्या दशकात अशी कोठारे साडेपाच हजारांवर होती. आज काही शेच उरली आहेत. १९९५ मध्ये धान्याच्या रेल्वेभाड्याची सवलत गेली, फाटे बंद पडले, गहू ट्रकने मोठ्या काँक्रीटच्या कोठारांकडे वळला. एकखोली शाळा तर त्याआधीच मिटल्या होत्या.

आता जुना नकाशा घेऊन निघाले, तर शाळेच्या चिन्हापाशी कुठे गव्हाचे शेत लागते, कुठे नुसता स्मृतिफलक. जागा सापडते ती त्या नकाशामुळेच.

मित्रहो, आपल्या तालुक्याचेही जुने नकाशे आहेत. नव्या आवृत्तीत जुनी विहीर, पायवाट, नदीचा उतार राहीलच असे नाही. आणि नकाशा चिन्ह दाखवतो. त्या विहिरीला गाव काय म्हणायचे, हे दाखवत नाही. ती नावे आपल्या गुरुजनांना ठाऊक आहेत. ते आज समोर बसले आहेत, तोवर एक नकाशा पसरून ती लिहून घेऊ या.