चवीचा मुलूख, नावाचे मोल
(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



प्रवासाला निघालेला माणूस जितका डोळ्यांनी प्रवास करतो, तितकाच जिभेनेही करतो. मराठी प्रवासवर्णनांत मात्र देवळे, किल्ले आणि डोंगर यांना मानाचे पान मिळाले. वाटेवरच्या पानात काय वाढले होते, याला क्वचितच जागा मिळाली. पु. ल. देशपांडे हा त्याला ठळक अपवाद. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात काही काळ अध्यापन केलेल्या या लेखकाने ‘अपूर्वाई’मध्ये युरोप मराठी घराच्या ओसरीवर आणला आणि ‘माझे खाद्यजीवन’ लिहून खाण्याला साहित्याच्या पंगतीत पाट मांडून दिला. त्याच पंगतीला बसून आज एका प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. एखादी चव एखाद्या गावाच्या नावाने ओळखली जाते, तेव्हा ते नाव कोणाचे असते, आणि ते टिकते कशाने?

या प्रश्नाचा सर्वांत जुना आणि सर्वांत कडवा झगडा फ्रान्सच्या द्राक्षमुलखात झाला. म्हणून आरंभ तेथूनच करणे योग्य. मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा यात हेतू नाही. शेतकऱ्याने आपल्या मातीचे नाव कसे राखले, एवढेच पाहावयाचे आहे.

फ्रान्सच्या पूर्व भागात दीजों नावाचे जुने शहर आहे. तेथून दक्षिणेस बोन या गावावरून पुढे जाणारी सुमारे ५० ते ६० किलोमीटर लांबीची उतारांची अरुंद पट्टी म्हणजे बर्गंडीच्या वाइनचे माहेरघर. निपाणीहून बेळगावला येण्यास जेवढा रस्ता तुडवावा लागतो, त्याहून ही पट्टी कमीच भरेल. तांबड्या वाइनसाठी पिनो न्वार आणि पांढरीसाठी शार्दोने, या दोनच जातींच्या द्राक्षांचे येथे प्राबल्य. तरीही या चिंचोळ्या भूमीत वेलींचे १२४७ तुकडे स्वतंत्र नावांनी ओळखले जातात आणि २०१५ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाचा मान दिला. एका तुकड्यावर ऊन अधिक काळ रेंगाळते, शेजारच्या मातीत चुनखडीचे प्रमाण निराळे असते. एवढ्या फरकाने वाइनची चव पालटते, असा तेथील शेतकऱ्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. म्हणून बाटलीवर बहुधा द्राक्षाचे नाव नसते. गावाचे किंवा शेताचे असते.

या वाटेवरचा प्रवासी खानावळीत शिरला की तीच माती त्याला ताटातही भेटते. तांबड्या वाइनमध्ये मंद आचेवर शिजवलेला कोंबडा, त्याच वाइनच्या रश्श्यात सोडलेली अंडी, द्राक्षांच्या चोथ्यापासून गाळलेल्या मद्याने धुऊन मुरवलेले एपोआस नावाचे उग्र वासाचे चीज, आणि शेजारच्या ब्रेस प्रांतातील कोंबडी, जिच्या नावाला १९५७ सालापासून कायद्याचे कवच आहे. पेय, पाककृती आणि पाळीव पक्षी हे सारे त्या मुलखाचेच.

आता हीच दृष्टी घेऊन निपाणीहून बेळगावकडे यावे. निपाणीच्या परिसरात उसाचा हंगाम सुरू झाला की गुऱ्हाळे पेटतात. चुलवाणात पाचट आणि चिपाडे सारली जातात, काहिलीत रस उकळतो, वर आलेली मळी काढून टाकली जाते. रसाचा पाक नेमका कोणत्या क्षणी काहिलीतून उतरवायचा, हे गुळव्या केवळ नजरेने आणि बोटांनी ठरवतो. क्षणभर लवकर उतरवला तर गूळ पातळ राहतो, क्षणभर उशीर झाला तर रंग काळवंडतो. गुऱ्हाळावर उभे राहून गरम काकवी भाकरीबरोबर खाल्लेल्या माणसाला बर्गंडीच्या तळघरातील जाणकाराचे कौतुक वाटेल, पण नवल वाटणार नाही.

पुढे संकेश्वर लागते. संकेश्वरी मिरची तिखटपणासाठी नावाजलेली. ब्याडगी मिरची रंगासाठी. दोहींचा मेळ जमला की या भागातील कांदा-लसणाची चटणी आणि तांबडा रस्सा सिद्ध होतो. वाट वाकडी करून गोकाकला गेले की करदंट मिळतो. ‘करदु’ म्हणजे तळलेला आणि ‘अंटु’ म्हणजे डिंक. गूळ, सुकामेवा आणि तळलेला डिंक यांच्या या मिठाईचे नाव कन्नड, पण ती बाळंतिणीच्या खुराकापासून प्रवासाच्या शिदोरीपर्यंत मराठी घरांतही तितकीच रुळलेली. बेळगावात आल्यावर कुंदा. दूध मंद आचेवर आटत राहते, खवा आणि साखर एकजीव होतात आणि पांढऱ्या दुधाचा रवाळ, तपकिरी कुंदा होतो. मग मांडे. उपड्या तापल्या खापरावर पसरलेली ती कागदासारखी पातळ पोळी, आत पिठीसाखर आणि तूप. बेळगावकडील लग्नाच्या रुखवतात तिची घडी आजही मानाने मिरवते. ‘मनातले मांडे’ हा वाक्प्रचार सर्व महाराष्ट्राने वापरावा, आणि प्रत्यक्षातले मांडे बेळगावने जपावेत, ही भाषेची गंमतच म्हणावयाची.

बेळगावच्याही पुढे खानापूर आणि जांबोटीच्या रानातून चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा येतो. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेला काजू येथे इतका रुजला की त्याच्या बोंडांचा रस आंबवून गाळलेली फेणी ही गोव्याची खूण ठरली. पहिल्या गाळपाचा उर्राक, पुढच्या गाळपाची फेणी. हंगाम उन्हाळ्यातील मोजक्या महिन्यांचा. २००९ साली काजूच्या फेणीला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. म्हणजे गोव्याबाहेर कोणी तसे मद्य गाळले, तरी त्याला ते नाव लावण्याचा अधिकार नाही.

येथे मूळ प्रश्न पुन्हा उभा राहतो. नावाची अशी नोंद हे केवळ व्यापारातील तांत्रिक काम आहे काय? शँपेन प्रांताचा इतिहास याचे उत्तर देतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्झेरा नावाच्या किडीने फ्रान्समधील वेली पोखरल्या. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पिके बुडाली, आणि शँपेनमधील काही व्यापारी बाहेरच्या प्रांतांतून स्वस्त द्राक्षरस आणून त्यापासून केलेल्या वाइनला ‘शँपेन’ म्हणू लागले. १९०८ साली सरकारने शँपेनची हद्द आखली आणि दक्षिणेकडील ओब हा जिल्हा तीतून वगळला. वास्तविक ओबमधील त्र्वा हे शहर म्हणजे शँपेन प्रांताची जुनी राजधानी. १९११ च्या जानेवारीत मार्न जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी बाहेरच्या वाइनची पिंपे नदीत ओतली. त्याच वर्षी ओबचे शेतकरी आपल्याला वगळल्याबद्दल रस्त्यावर आले. एप्रिलमध्ये आई या गावी व्यापाऱ्यांच्या वखारी आणि घरे पेटली आणि सैन्य पाचारण करावे लागले. ओबला पूर्ण हक्क मिळण्यास १९२७ चा कायदा यावा लागला. कागदावरची रेषा आणि मातीची सलगता यांचा मेळ बसण्यास १९ वर्षे लागली.

सीमाभागातील श्रोत्यांना या कथेचा अर्थ फोड करून सांगण्याची आवश्यकता नाही. वेदगंगा आणि दूधगंगा या नद्या कोल्हापूर जिल्ह्यातून वाहत निपाणी-चिकोडीच्या भागात येतात. पाणी तेच, ऊस तोच, गुळव्याचे कसबही तेच. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेने त्यांच्यामधून रेषा गेली. २०१४ साली ‘कोल्हापुरी गूळ’ या नावाची भौगोलिक निर्देशांक म्हणून नोंद झाली. कर्नाटकातील गूळ कोल्हापुरी म्हणून विकला जातो, अशी तक्रार कोल्हापूरच्या बाजारपेठेत अधूनमधून होत आली आहे. ही तक्रार खोटी म्हणता येत नाही, कारण नावाचा मोबदला ज्याच्या कष्टाने ते नाव झाले त्याला मिळावयास हवा; मार्नच्या शेतकऱ्याची तक्रारही हीच होती. पण निपाणीच्या गुऱ्हाळवाल्याची अडचणही खरी आहे. त्याची अवस्था ओबच्या शेतकऱ्यासारखी : चव शेजाऱ्यासारखी, नाव मात्र परके.

नावापाठचे कष्ट आणि नावाचे मोल यांतील अंतर निपाणीने याहूनही कठोर रीतीने अनुभवले आहे. निपाणीचे नाव देशभर झाले ते तंबाखूमुळे. पण त्या नावाचा लाभ पिकवणाऱ्याच्या पदरात पडत नव्हता, म्हणून १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक महामार्गावर ठाण मांडून बसले. आंदोलनाचा शेवट गोळीबारात झाला आणि शेतकऱ्यांचे प्राण गेले. गावाचे नाव मोठे झाले म्हणजे गावकरी सुखी झाला, असे मानणे किती भाबडेपणाचे आहे, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

नाव राखले नाही तर काय होते, याचे उदाहरण पुन्हा बर्गंडीतच आहे. दीजोंची मोहरी, म्हणजे मोहरी वाटून केलेली तिखट चटणी, जगभर प्रसिद्ध आहे. परंतु ‘दीजों’ हे तिच्या बाबतीत स्थळाचे नाव राहिले नाही, केवळ कृतीचे नाव झाले. त्या कृतीने कोणीही, कोठेही ती करावी. मोहरीचे दाणे बव्हंशी कॅनडातून येऊ लागले. २०२१ साली कॅनडात अवर्षण झाले आणि २०२२ साली खुद्द फ्रान्सच्या दुकानांतून ही मोहरी नाहीशी झाली. दीजोंच्या नावाचा पदार्थ सातासमुद्रापलीकडच्या पावसावर अवलंबून राहिला. स्थानिक दाण्यांपासून होणाऱ्या ‘बर्गंडीच्या मोहरी’ला २००९ साली वेगळे संरक्षण मिळवावे लागले, ते हरवलेल्या नावाची भरपाई म्हणून.

बेळगावच्या तांदळाची कथा याहून हृद्य आणि याहून चिंताजनक आहे. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर या शिवारांतील सुवासिक तांदूळ ‘बेळगाव बासमती’ या नावाने ओळखला जातो. भात शिजत असता त्याचा दरवळ शेजारच्या घरी जाई, असे जुनी माणसे सांगतात. पण ‘बासमती’ हे नाव २०१६ साली हिमालयाच्या पायथ्याकडील सात राज्यांपुरते नोंदले गेले. म्हणजे बेळगावच्या तांदळाने कौतुकापोटी धारण केलेले नाव कायद्याच्या दृष्टीने उसने ठरले. शेजारच्या आजऱ्याने आपल्या तांदळाला ‘घनसाळ’ हे स्वतःचे नाव ठेवले होते, म्हणून २०१६ मध्येच ‘आजरा घनसाळ’ची नोंद होऊ शकली. उसन्या नावाचा मोठेपणा शेवटी अडचणीचाच ठरतो. त्यातच शहर वाढत आहे; हलगा-मच्छे बाह्यवळण रस्त्यासाठी याच सुपीक पट्ट्यातील जमीन देण्यास शेतकऱ्यांनी विरोध केला, तो केवळ जमिनीच्या दरासाठी नव्हता. नाव पुढेमागे नवे शोधता येईल. माती गेली तर ते लावावयाचे कशाला?

तेव्हा चवीच्या मुलखाला तीन गोष्टींचा आधार लागतो : माती, कसब आणि नोंद. माती राखणे हे शेतकऱ्याचे आणि शासनाचे काम. कसब राखणे हे गुळव्याचे, हलवायाचे आणि मांडे करणाऱ्या सुगरणीचे. तिसरी गोष्ट, नोंद, ही मात्र ग्रंथालयाची आहे. भौगोलिक निर्देशांकाचा भारतीय कायदा १९९९ साली झाला आणि २००३ पासून अमलात आला. त्यानुसार अर्ज करणाऱ्याला पदार्थाचा उगम त्या स्थळीच झाल्याचा पुरावा द्यावा लागतो. आणि तो बहुधा सापडतो जुन्या कागदांत. बेळगाव जिल्ह्याचे १८८४ चे गॅझेटियर, लक्ष्मीबाई धुरंधरांचे १९१० चे ‘गृहिणीमित्र’, कमलाबाई ओगले यांची १९७० ची ‘रुचिरा’, गावोगावच्या जत्रांची पत्रके, व्यापाऱ्यांच्या जुन्या जाहिराती, लग्नातील रुखवताच्या याद्या, हे सारे आजवर वाङ्मयाच्या कडेला पडलेले साहित्य उद्या एखाद्या गावाचे हक्कपत्र ठरू शकते.

त्यातही एक पथ्य पाळले पाहिजे. ही नोंद एकाच भाषेतील असून भागणार नाही. करदंटाची व्युत्पत्ती कन्नडात आहे, मांड्यांची कीर्ती मराठी म्हणीत आहे, उर्राकाची परिभाषा कोंकणीत आहे. हद्दीचे वाद न्यायालयांनी आणि शासनांनी सोडवावेत. स्वयंपाकघराने मात्र या तिन्ही भाषा एका चुलीवर केव्हाच नांदवल्या आहेत, आणि जे चुलीने साधले ते कपाटाला साधू नये, असे काही नाही.

शंभर वर्षे या ग्रंथालयाने माणसांनी लिहिलेले जपले. पुढील शतकात माणसांनी रांधलेलेही लिहून घ्यावे. ज्या गुळव्याला पाक उतरविण्याचा क्षण बोटांनी कळतो, त्याच्याकडे वही घेऊन जाणारा सभासद या ग्रंथालयातूनच निघावा, एवढीच या शतकमहोत्सवी वर्षातील अपेक्षा.