यंत्रमानवांचा खेळ आणि पालकांची साथ

(जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



यंत्रमानव म्हटले की अजूनही पुष्कळांच्या डोळ्यांपुढे परदेशांतील मोठमोठे कारखाने उभे राहतात. वास्तविक आपोआप चालणारे यंत्र खानदेशाला नवे नाही. रावेर-यावलच्या केळीबागांत विहिरीवरील मोटारीला बसविलेला ऑटो स्टार्टर तिन्ही फेज आल्या आहेत की नाहीत हे तपासतो, क्षणभर थांबतो आणि मगच मोटार सुरू करतो. परिस्थिती जाणणे, ठरलेल्या नियमानुसार निर्णय घेणे आणि त्याप्रमाणे कृती करणे ही यंत्रमानवाचीही तीन प्रमुख अंगे होत. शेतकऱ्याच्या घरातील मुलाला या विद्येचा श्रीगणेशा बांधावरच झालेला असतो. प्रश्न आहे तो पुढचा धडा त्याला कोठे मिळणार, याचा.

हा पुढचा धडा देण्याचे काम यंत्रमानवांच्या स्पर्धा करतात. जपानमध्ये १९८८ साली तेथील राष्ट्रीय प्रसारण संस्थेने विद्यार्थ्यांसाठी अशी स्पर्धा सुरू केली. पुढे २००२ साली टोकियो येथे आशिया व प्रशांत महासागर विभागातील देशांची पहिली ‘रोबोकॉन’ स्पर्धा भरली. शालेय मुलांची जागतिक रोबोट ऑलिंपियाड २००४ पासून भरत आहे. रोबोकॉनचे यजमानपद पुण्याला २००८ आणि २०१४ असे दोनदा लाभले. २००८ चा खेळ आपल्या दहीहंडीवर बेतलेला होता. २०१४ चा विषय होता ‘पालकत्वाला वंदन’. पालक यंत्रमानवाने बालक यंत्रमानवाला उचलून न्यावयाचे आणि सीसॉ, झोका इत्यादी खेळ खेळवावयाचे, असे त्याचे स्वरूप होते. सर्व कामे पुरी करणाऱ्या संघाच्या विजयाला आपल्याच भाषेतील ‘शाबाश’ हे नाव देण्यात आले होते.

पुण्यातील ती २०१४ ची स्पर्धा जिंकली व्हिएतनामच्या लाक हाँग विद्यापीठाने. हे विद्यापीठ राजधानी हनोईत नाही. ते बिएन होआ या प्रांतिक शहरात आहे. राजधानीपासून दूर असलेल्या गावची मुलेही बुद्धी आणि सराव यांच्या बळावर खंडात पहिली येऊ शकतात, हा त्याचा अर्थ. धुळे आणि जळगाव येथील शिक्षकांनी हे उदाहरण मुलांना अवश्य सांगावे.

स्पर्धेच्या ठिकाणी नेमके काय घडते, हे पालकांनी एकदा तरी पाहण्यासारखे आहे. जमिनीवरील काळ्या रेषेवरून चालणारा छोटा यंत्रमानव घ्या. त्याच्या पोटाखालील संवेदक प्रकाश सोडतो. पांढरा पृष्ठभाग तो प्रकाश परत पाठवितो, काळी रेषा तो शोषून घेते. या फरकावरून यंत्राला वाट कळते. शाळेच्या खोलीत बिनचूक चाललेले हे यंत्र सभागृहातील झगझगीत दिव्यांखाली वाट चुकते. बॅटरी उतरली की तेच यंत्र वळणावर रेंगाळते. मग हाती असलेल्या थोड्या मिनिटांत दोष शोधावयाचा, आकडे बदलावयाचे आणि पुन्हा उभे राहावयाचे. शेजारच्या संघाकडून एखादा स्क्रू किंवा वायर मागून घ्यावी लागते, कधी आपली द्यावी लागते. हे शिक्षण पुस्तकातून मिळत नाही. फेज गेली की काय करावे हे जाणणाऱ्या बापाला संगणकाची आज्ञावली वाचता आली नाही, तरी मुलाची ही धडपड बरोबर कळते.

परंतु तेथवर पोहोचणे सोपे नाही. शनिवार-रविवारच्या स्पर्धेसाठी धुळ्याच्या कुटुंबाने चाळीसगावची गाडी धरावी आणि तेथून पुढील गाडी गाठावी. जळगावकरांनी मनमाड-दौंड मार्गे पुण्यास जावे. दोन दिवसांची मजुरी बुडते, गोठ्यातील जनावरे शेजाऱ्यावर सोपवावी लागतात, मुक्कामाचा खर्च वेगळा. मुलगी असेल तर सोबत कोण जाणार हा प्रश्न सर्वांत आधी उभा राहतो आणि पुष्कळदा तेथेच संपतो. निवड झालेली मुलगी घरी राहते. तिने जुळविलेले यंत्र दुसऱ्याच्या हातून स्पर्धेला जाते. ही हानी एका घराची नव्हे, साऱ्या गावाची आहे.

साधने आता पूर्वीइतकी दुर्मीळ राहिलेली नाहीत. अटल इनोव्हेशन मिशन २०१६ साली सुरू झाले. त्यातील अटल टिंकरिंग लॅबच्या योजनेत निवडलेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद ठेवण्यात आली. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात शासकीय शाळांसाठी पाच वर्षांत अशा ५०,००० प्रयोगशाळांची घोषणा झाली. ‘इन्स्पायर-मानक’ योजनेत निवड झालेल्या विद्यार्थ्याला आपली कल्पना साकारण्यासाठी १०,००० रुपये मिळतात. मार्च २०२३ पासून एस.टी.च्या भाड्यात महिलांना निम्मी सवलत आहे. मुलीबरोबर आईने जावयाचे तर तिचा उपयोग होतो.

तेव्हा करावयाची कामे साधी आहेत. साहित्य मोडेल या भीतीने संच कपाटात कुलूपबंद ठेवू नयेत. मोडलेले दुरुस्त करणे हाच अभ्यास आहे. ज्या शाळेत प्रयोगशाळा आहे तिने शेजारच्या गावांतील मुलांना आठवड्यातून एक दिवस दार उघडावे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावयाची असते. मुलींच्या अशा उपक्रमांचा विषय ग्रामसभेपुढे मांडून नियमांच्या चौकटीत त्याचा विचार व्हावा. दोन-तीन शाळांनी मिळून एक गाडी केली आणि सोबत एक शिक्षिका व दोन पालक गेले, तर खर्चही वाटला जातो आणि आई-वडिलांची काळजीही.

पारितोषिक एका संघाला मिळते. दोष शोधण्याची सवय मात्र जाणाऱ्या प्रत्येक मुलाबरोबर गावात परत येते. बंद पडलेला हातपंप, ठिबकची तुंबलेली नळी, न लागणारा स्टार्टर यांच्यापुढे ते मूल हात जोडून बसणार नाही. पुढील स्पर्धेची निवड यादी लागेल तेव्हा तिच्यातील प्रत्येक नाव प्रत्यक्ष गाडीत बसेल, एवढी जबाबदारी शाळा, पंचायत आणि पालक यांनी मिळून उचलावी.